पाइक रिव्हर खाण स्फोट: रेस्क्यूवाले पाच दिवस बाहेर थांबले ते बरोबर होतं का?

धुकं_आणि_चहा

नमस्कार मंडळी. मी न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला असते, सहा वर्षं झाली. खाणीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतेय, कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

आमच्या ऑफिसात एक बाई आहे, वेस्ट कोस्टची, म्हणजे इथून डोंगर ओलांडून पलीकडे ग्रेमाउथच्या बाजूची. गेल्या महिन्यात आम्ही तिकडे फिरायला गेलो होतो आणि परत आल्यावर मी चहाच्या सुट्टीत सहज म्हटलं की पाइक रिव्हर कोळसा खाणीतल्या २९ लोकांबद्दल वाचलं, फार वाईट वाटलं. झालं, बाईचा चेहराच बदलला. म्हणाली, ते स्फोटात मेले नाहीत, त्यांना मरू दिलं. आमच्या आजोबांच्या पिढीत खाणीत आवाज झाला की शेजारच्या खाणीतले लोक हातातलं टाकून आत धावायचे, आणि इथे पोलिस पाच दिवस फॉर्म भरत बसले.

मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन दोन रात्री वाचत बसले. थोडक्यात सांगते, १९ नोव्हेंबर २०१० शुक्रवार, दुपारी पावणेचारच्या सुमारास स्फोट. आत ३१ माणसं. दोघं संध्याकाळी साडेपाचच्या आसपास आपल्या पायांनी बाहेर आले, उरलेले २९ आत. त्यातला सगळ्यात लहान १७ वर्षांचा, आणि त्याची खाणीतली ती पहिलीच पाळी. मग शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार रोज पत्रकार परिषद, रोज तेच, की आतली हवा सुरक्षित नाही, आम्ही आत जाऊ शकत नाही. बुधवारी २४ तारखेला दुपारी २:३७ ला दुसरा मोठा स्फोट, आणि त्यानंतर जाहीर केलं की कोणी जिवंत असण्याची शक्यता उरली नाही.

तर प्रश्न असा की हे थांबणं शहाणपणाचं होतं का भित्रेपणाचं? दोघं चालत बाहेर आले म्हणजे आत श्वास घेण्याइतकी हवा होती ना? मग त्याच वाटेने दहा माणसं मास्क लावून का नाही गेली? मला खरंच कळत नाहीये, वाद घालायचा म्हणून विचारत नाही.

---

शंकासूर

ताई तुमच्या ऑफिसातली बाई चुकीची नाहीये. मी त्या वेळी ऑस्ट्रेलियात होतो, टीव्हीवर लाइव्ह बघितलंय सगळं. एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराने भर पत्रकार परिषदेत विचारलं होतं की एवढ्या मोठ्या खाण दुर्घटनेची सूत्रं एका गावाकडच्या पोलिसाकडे का, खाणीतल्या तज्ज्ञाकडे का नाहीत. त्यावरून त्या पत्रकारालाच सगळ्यांनी झोडपलं, असंस्कृत वगैरे म्हणाले, पण प्रश्न चूक होता का?

आणि तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही. स्फोट झाल्यावर खाणीतली वीज गेली म्हणून एका इलेक्ट्रिशियनला बघायला आत पाठवलं होतं. तो गाडी घेऊन एकटा आत गेला, बोगद्यात एक माणूस पडलेला बघितला, वास आला आणि उलटा फिरून बाहेर आला, मास्कबिस्क काही नाही. म्हणजे स्फोटानंतर अर्ध्या पाऊण तासात एक माणूस आत जाऊन जिवंत परत आलाय. नंतर ते दोघं चालत आले. आणि शुक्रवार दुपार ते बुधवार दुपार म्हणजे जवळजवळ पाच दिवस दुसरा स्फोट झालाच नाही. त्या वेळात जाऊन बघून परत येता आलं नसतं? तिकडचे जुने खाणकामगार म्हणत होते की एकदा स्फोट झाला की आतला गॅस जळून जातो, आणि परत साठेपर्यंत थोडा वेळ मोकळा मिळतो, तेव्हाच घुसायचं असतं. तो वेळ यांनी घालवला. बाकी रिस्क असेसमेंट आणि सेफ्टी फर्स्ट हे शब्द आपली कातडी वाचवायला फार सोयीचे असतात.

---

कोलार_ते_कोस्टल

उत्तराखंडला सिल्क्यारा बोगद्यात आपले लोक गेलेच की! ४१ जण, १७ दिवस, परदेशी मशीन तुटलं आणि शेवटी रॅट होल वाल्यांनी हाताने खणून काढले. इच्छाशक्ती पाहिजे बाकी काही नाही. 🇮🇳

---

निवृत्त_ओव्हरमन (चंद्रपूर)

मी ३४ वर्षं वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खदानीत काढली, आधी मायनिंग सरदार मग ओव्हरमन (खाली पाळीवर देखरेख करणारा), आणि त्यातली १६ वर्षं रेस्क्यू ट्रेन्ड होतो, म्हणजे रोजची नोकरी खदानीची पण बोलावणं आलं की रेस्क्यूत. मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

पहिले सिल्क्याराचं बोलतो, कारण ही तुलना फार जण करतात. बाप्पा, तो बोगदा ढासळला होता, दिवाळीच्या सकाळी. स्फोट नव्हता, मिथेन नव्हता, आग नव्हती. पलीकडे दोन किलोमीटर मोकळी जागा होती, पाइपमधून हवा जात होती, जेवण जात होतं, माणसं बोलत होती. तिथे वेळ तुमच्या बाजूने असतो, दोन दिवस जास्त लागले तरी माणूस मरत नाही. खदानीत गॅसचा स्फोट झाला की वेळ कोणाच्याच बाजूने नसतो. रॅट होलवाल्या पोरांना माझा सलाम आहे, पण त्यांना मिथेनमध्ये पाठवलं असतं तर पाठवणाऱ्याला मी खुनी म्हटलं असतं.

आता गॅस. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला तर पेटतो. पाचच्या खाली पेटत नाही आणि पंधराच्या वर पण पेटत नाही कारण ऑक्सिजन पुरत नाही. हे दुसरं लोकांना ठाऊक नसतं. समजा स्फोट झाला, पंखा बंद पडला, कोळशातून गॅस निघणं काही थांबत नाही, तो निघतच राहतो. काही जागी तो साठ सत्तर टक्के झाला. आता तिथे स्फोट होणार नाही. पण कुठून तरी ताजी हवा आत यायला लागली तर तोच गॅस पातळ होत होत पंधराच्या खाली उतरतो, आणि आत कुठे कोळसा धुमसत असेल तर संपलं. म्हणून ताई आणि शंकासूर भाऊ जे म्हणतात ना की दोघं चालत आले म्हणजे हवा होती, ते अर्धं खरं आहे. हवा होती कारण बोगद्याच्या तोंडातून ती नैसर्गिक ओढीने आत जात होती. श्वासाला चांगलीच. पण पुढे जाऊन ती कशात मिसळत होती ते बघा. त्या दोघांतला एक तर आधी बेशुद्ध पडला होता, शुद्धीवर आल्यावर कॉम्प्रेस्ड एअरच्या पाइपचा व्हॉल्व्ह उघडून त्यावर श्वास घेतला, मग दुसऱ्याला ओढत ओढत आणलं. हे मी नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्या पोराचा सख्खा भाऊ आतच राहिला, आणि बाप त्याच खदानीचा सेफ्टी मॅनेजर होता.

आता "थोडा मोकळा वेळ मिळतो" हे. ही गोष्ट आमच्याकडे पण म्हातारे सांगायचे. कधी कधी खरी पण असते. पण तो वेळ आहे का, आणि किती आहे, दहा मिनिटं का दहा तास, हे कळायला आतल्या हवेचा नमुना लागतो. पाइकमध्ये वीज गेली आणि आतल्या हवेची खबर देणारं सगळं मुकं झालं. वरून नळ्या सोडून हवा ओढायची पद्धत असते, ट्यूब बंडल म्हणतात, ती तिथे बसवलेलीच नव्हती. मेन पंखा जमिनीच्या वर असतो सगळीकडे, यांनी खदानीच्या आत बसवला होता, तो स्फोटात गेला. वर शाफ्टच्या, म्हणजे हवेसाठी पाडलेल्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी जो बॅकअप पंखा होता त्याचंही नुकसान झालं. मग नमुना कुठून घेणार, तर डोंगरावर हेलिकॉप्टरने जाऊन शाफ्टच्या तोंडावरून. त्यात कार्बन मोनॉक्साइड सापडतो म्हणजे आत काहीतरी जळतंय. पण कुठे, किती, मिथेनच्या किती जवळ, ते कोण सांगणार? बोअर मारून आत पोहोचले ते बुधवारी सकाळी, आणि त्याच दुपारी उडालं.

आणि मास्कचं. आमचं जे ब्रीदिंग ॲपरेटस असतं ते पाठीवर घेऊन माणूस विषारी हवेत तीन चार तास काढू शकतो. ते गॅसपासून वाचवतं, स्फोटापासून नाही. बोगदा २.३ किलोमीटर, तोही चढा, आत अंधार, धूर, छत कुठे सैल झालंय माहीत नाही. अर्धा ऑक्सिजन परतीचा राखून ठेवायचा. एकाचं यंत्र बिघडलं की सगळ्या टीमने फिरायचं, हा नियम आहे आणि तो रक्ताने लिहिलेला आहे.

शंकासूर भाऊ, पाच दिवस स्फोट झाला नाही हे तुम्हाला आज माहीत आहे. खदानीच्या तोंडावर उभ्या माणसाला शुक्रवारी रात्री फक्त एवढंच माहीत होतं की एकदा झालाय.

---

बंबवाला_मुंबई

काकांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे पण हेच. लोक खालून शिव्या घालतात की अजून आत का जात नाही. २०१५ ला काळबादेवीला गोकुळ निवासची आग आठवते का, इमारत कोसळली आणि आमचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. तेव्हा दोन दिवस श्रद्धांजलीचे बॅनर, आणि पुढच्या आगीला पुन्हा शिट्ट्या आणि मोबाइल वर करून "अरे जा ना आत". गेलो तर शहीद, थांबलो तर भित्रा, मधलं काही नाहीच.

---

शंकासूर

काका तुमचा आदर आहे पण मग सागोचं काय? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया, २ जानेवारी २००६, सकाळी साडेसहाला स्फोट, रेस्क्यू टीम आत गेली संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, म्हणजे अकरा तासांनी. आणि आतले लोक स्फोटात मेले नव्हते! एक गेला होता, बाकीचे बारा पडदा लावून कोपऱ्यात बसून होते, घरच्यांना चिठ्ठ्या लिहीत होते, वाट बघत होते. त्यातला फक्त एक वाचला, बाकीचे कार्बन मोनॉक्साइडने गेले. तिथे लवकर गेले असते तर वाचले असते का नाही? नियम रक्ताने लिहिलेले असतात मान्य, पण थांबण्याचं पण रक्त असतं कुठेतरी.

---

निवृत्त_ओव्हरमन (चंद्रपूर)

सागोचं तुमचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. ते उदाहरण आमच्या रिफ्रेशरमध्ये पण चर्चेला आलं होतं आणि सगळे गप्प झाले होते. त्यानंतर अमेरिकेत त्याच वर्षी नवीन कायदा आला, आत जास्त ऑक्सिजन ठेवा, माणसं कुठे आहेत ते कळायची सोय करा, रेस्क्यू टीम जवळ ठेवा. म्हणजे त्यांनी पण "टीमने डोळे मिटून लवकर घुसावं" असं नाही म्हटलं, टीम यायला उशीर का होतो आणि आतला माणूस तोवर कसा तगेल ते बघितलं.

पण आता दुसरी बाजू ऐका. अमेरिकेतच अलाबामात ब्रुकवूडला सप्टेंबर २००१ मध्ये एक खदान. छत कोसळलं, पहिला स्फोट झाला, चार जण जखमी. आतलेच सोबती त्यांना काढायला धावले, कोणाच्या हुकुमाची वाट न बघता. तासाभराच्या आत दुसरा स्फोट. १३ मेले, त्यात १२ मदतीला गेलेले. रशियात रास्पाडस्काया, मे २०१०, म्हणजे पाइकच्या फक्त सहा महिने आधी, पहिल्या स्फोटानंतर चारेक तासांनी दुसरा झाला तेव्हा रेस्क्यूवाले आत होते. एकूण ९१ गेले. पाइकच्या बाहेर जी माणसं उभी होती त्यांच्या डोळ्यापुढे हे ताजं होतं. पुढे २०१६ ला रशियातच व्होर्कुटात पुन्हा तेच, पाच रेस्क्यूवाले. हे मी भीती घालायला सांगत नाही, या धंद्यात दुसरा स्फोट हा अपवाद नसतो एवढंच.

एक स्वतःचं सांगतो, खदानीचं नाव घेत नाही. जुनी गोष्ट आहे, ऐंशीच्या दशकातली. आमच्याकडच्या खदानी तशा कमी गॅसच्या, आमचा शत्रू म्हणजे गोफमधला (कोळसा काढून मागे सोडलेल्या भागातला) कोळसा आपोआप तापणं. तसाच एक बंद केलेला भाग तापला, भिंतीतून मोनॉक्साइड फुटला, पाळीतले सगळे बाहेर आले, हाजरी मोजली तर एक कमी. आम्ही इन्क्लाइनच्या (आत उतरणाऱ्या तिरक्या वाटेच्या) तोंडाशी तयार, पाठीवर यंत्र, पिंजऱ्यात मुनिया. कॅप्टन म्हणाला नमुन्याचा आकडा येईपर्यंत कोणी हलायचं नाही. मिथेन किती, ऑक्सिजन किती उतरला, मोनॉक्साइड चढतोय का उतरतोय. साडेचार तास थांबलो. गेटवर गर्दी. पहिले हात जोडत होते, मग शिव्या, मग दगड. त्या माणसाचा भाऊ माझ्याच लाइनीत क्वार्टरला राहायचा, तो माझी कॉलर धरून म्हणाला, तुझा भाऊ असता तर थांबला असतास का? मी काहीच बोललो नाही, काय बोलणार? खरं सांगू, माझा भाऊ असता तर नसतो थांबलो. म्हणूनच तर निर्णय कॅप्टनकडे असतो, आणि कॅप्टन आमच्या खदानीचा नव्हता.

मग आत गेलो आणि त्याला आणलं. डॉक्टर म्हणाले पहिल्या अर्ध्या तासातच गेला होता. म्हणजे आम्ही धावलो असतो तरी उपयोग नव्हता. पण हे त्या भावाला सांगून काय होणार? आम्ही पुढे अकरा वर्षं शेजारी राहिलो, तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग नाही.

पाइकचे रेस्क्यूवाले पण वरून उतरलेले परके नव्हते. त्याच कोस्टवरच्या इतर खदानीतले कामगार, आतल्यांचे मित्र, सोबत रग्बी खेळलेले. टीव्हीवर ते दिसत नव्हते, पोलिस दिसत होते.

---

वेलिंग्टनचा_वारा

मी इथे २००४ पासून आहे, तेव्हाचं सगळं आठवतं. काकांनी जे शेवटचं वाक्य लिहिलं तिथेच खरी गोम आहे. थांबणं आणि थांबण्याची पद्धत या दोन गोष्टी लोकांनी एक करून टाकल्या.

चौकशी आयोगाचा अहवाल २०१२ च्या शेवटी आला. आत न जाण्याचा निर्णय त्यांनी चुकीचा ठरवला नाही. पण कारभार कसा चालला होता त्यावर चांगलंच झोडपलं. सूत्रं पोलिसांकडे, प्रमुख अधिकारी खाणीवर नाही तर ग्रेमाउथमध्ये, आणि महत्त्वाचे निर्णय मंजुरीला वेलिंग्टनला, जिथे बसलेल्यांना खाण म्हणजे काय ते माहीत नाही. म्हणजे शंकासूर, तुमचा तो पत्रकार उद्धट असेल पण प्रश्न बरोबर होता. फक्त तज्ज्ञ प्रमुख असता तरी तो पण आत गेला नसता, हे पण तितकंच खरं.

आणि दुसरी गोष्ट आशेची. पाइकच्या जेमतेम पाच आठवडे आधी चिलीतले ३३ जण कॅप्सूलमधून एकेक करून बाहेर आलेले अख्ख्या जगाने पाहिले होते. इथे सगळ्यांच्या डोक्यात तेच. चिलीची खाण तांब्या-सोन्याची होती, तिथे कोळशासारखा गॅस नाही, पण हे सांगणार कोण? कंपनीचे प्रमुख म्हणायचे की पोरं पाइपच्या हवेवर बसली असतील, वाट बघत असतील, आणि लोकांनी ते धरून ठेवलं. स्फोटाचा बोगद्याच्या तोंडावरचा सीसीटीव्ही व्हिडिओ, पन्नासेक सेकंद नुसता वारा आणि धूळ बाहेर फेकली जातेय, तो घरच्यांना मंगळवारी दाखवला, चौथ्या दिवशी! तो पहिल्या दिवशी दाखवला असता तर निम्म्या लोकांना तेव्हाच कळलं असतं.

आणि बुधवारी जे झालं ते तर विसरणं शक्य नाही. घरच्यांना हॉलमध्ये बोलावलं. कंपनीचे प्रमुख बोलायला उभे राहिले आणि सुरुवातच अशी की गॅसची पातळी बघून रेस्क्यू टीम आत जायच्या तयारीला लागली होती. एवढं ऐकलं आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. त्यांना हात वर करून शांत करावं लागलं आणि मग सांगितलं की दुसरा स्फोट झालाय. विचार करा, टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला ते ऐकवायचं. सागोत पण असंच झालं होतं ना, बारा जिवंत आहेत म्हणून चर्चच्या घंटा वाजवल्या आणि तीन तासांनी कळलं की एकच. असं एकदा झालं की पुढे तुम्ही कितीही शास्त्र सांगा, ऐकून घेत नाहीत लोक, आणि का घ्यावं?

म्हणून त्या ऑफिसातल्या बाईशी वाद घालू नका. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांना पाच दिवस कोणीच सरळ बोललं नाही. आणि ते पाच दिवसांवर संपलं पण नाही, पुढची कितीतरी वर्षं "आत जाणं धोक्याचं आहे" हेच वाक्य. २०१४ ला खाण तेव्हा ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी बोगद्यात पुन्हा जायला नकार दिला. घरच्यांनी रस्ता अडवला, आंदोलनं केली. सरकार बदलल्यावर २०१८ ला वेगळी एजन्सी काढली, मे २०१९ मध्ये सील फोडून आत गेले आणि २०२१ च्या सुरुवातीला बोगद्याच्या टोकाशी, जिथे छत कोसळलंय तिथपर्यंत पोहोचले, सगळे सुखरूप परत. पुढे खुद्द खाणीत नाही गेले, २९ जण अजून आतच आहेत. आता तुम्हीच सांगा, २०१४ ला अशक्य आणि २०१९ ला शक्य म्हटल्यावर माणसाला २०१० च्या "अशक्य"वर पण शंका येणारच ना? शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही वेगळं आहे मान्य, २०१९ ला आत नायट्रोजन भरून, हवा मोजून, महिनोन् महिने तयारी करून गेले. पण मन असं चालत नाही.

---

शंकासूर

हां हे पटलं. मी थांबण्यावर चिडलोय का थांबताना जे खोटं बोलले त्यावर, याचा विचार करायला लागेल. पण काका एक विचारतो, राग कोणावर काढायचा मग? २९ माणसं गेली आणि जबाबदार कोणीच नाही?

---

निवृत्त_ओव्हरमन (चंद्रपूर)

राग काढा ना, भरपूर काढा. पण घड्याळ जरा मागे न्या. शुक्रवारी दुपारनंतर काय केलं ते सगळे विचारतात, शुक्रवारी सकाळपर्यंत काय केलं ते विचारा.

गॅसची खदान, आणि आत जायची वाट एकच. दुसरी वाट म्हणून काय दाखवत होते तर हवेचा शाफ्ट, शंभर मीटरच्या वर उभी शिडी. स्फोटानंतर त्याच शाफ्टमधून धूर आणि गॅस वर येणार, त्यातून कोण चढणार? आमच्याकडे दुसरा निघायचा रस्ता धड नाही म्हटलं तर इन्स्पेक्टर कागद हातात ठेवेल. आयोगाच्या अहवालात आहे की स्फोटाच्या आधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटाच्या पातळीला गेल्याची २१ वेळा नोंद आहे. एकवीस! मी हा आकडा वाचून चष्मा पुसून परत वाचला. आमच्या वेळी सव्वा टक्का झाला की वीज कापून माणसं मागे घ्यायचो. त्यांच्याकडे पाण्याच्या जोराने कोळसा पाडायची नवीन पद्धत चालू केली होती, ती वेळेवर चालू व्हावी म्हणून कामगारांना बोनस लावला होता, कंपनी पैशाला तंगलेली. आणि अख्ख्या देशाला खदानीचे इन्स्पेक्टर होते दोन.

शिक्षेचं म्हणाल तर कंपनीच्या प्रमुखावरचे आरोप २०१३ ला मागे घेतले, बदल्यात घरच्यांना पैसे. पुढे २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की तो व्यवहार बेकायदा होता. पण तोवर सगळं होऊन गेलं होतं. एका मंत्रीणबाईंनी खातं सोडलं अहवाल आला त्या दिवशी, तेवढंच.

मग काय, बोगद्याच्या तोंडाशी हातात यंत्र घेऊन उभा असलेला रेस्क्यूवाला सगळ्यांना दिसतो, त्याला भित्रा म्हणणं सोपं असतं.

---

धुकं_आणि_चहा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ओव्हरमन काका, तुमचा तो कॉलरचा प्रसंग वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकले नाही.

काल त्या बाईबरोबर पुन्हा बसले. वाद घातला नाही, वेलिंग्टनच्या दादांनी सांगितलं तसं. फक्त टाळ्यांचं विचारलं. ती म्हणाली तिची मावशी त्या हॉलमध्ये होती. मावशीने पण टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यानंतर आजतागायत कुठल्याही कार्यक्रमात ती टाळ्या वाजवत नाही, नातीच्या शाळेतसुद्धा नुसती हात मांडीवर ठेवून बसते. मग ती स्वतःच म्हणाली की मला माहितीये ते आत गेले असते तर आणखी मेले असते, माझा चुलत भाऊच रेस्क्यूत होता. मग तू मला तसं का म्हणालीस विचारलं तर खांदे उडवले आणि कप धुवायला गेली.

आजोबांच्या पिढीचं ती म्हणाली होती ते पण शोधलं. तिथेच जवळ ब्रनरला १८९६ मध्ये स्फोट झाला होता, ६५ गेले. लोक खरंच लगेच आत धावले होते, आणि गॅसने त्यातले काही कोसळले, त्यांनाच बाहेर आणावं लागलं. आतला एकही वाचला नाही.

काका एक अगदी बिनमहत्त्वाचा प्रश्न, तुम्ही पिंजऱ्यात मुनिया म्हणालात, म्हणजे खरोखरचे पक्षी? त्यांचं काय व्हायचं?

---

निवृत्त_ओव्हरमन (चंद्रपूर)

होय ताई, खरोखरचे. लाल मुनिया, मूठभर जीव. मोनॉक्साइड असला की आपल्या आधी ती दांडीवरून खाली पडते, मग आपण मागे फिरायचं. लगेच ताज्या हवेत आणली की बहुतेक वेळा उठते पण. रेस्क्यू स्टेशनला त्यांना रोज राळा घालायला एक माणूस नेमलेला होता आणि तो आम्हाला फार शिव्या द्यायचा, म्हणायचा तुम्ही तुमच्या मर्जीने जाता रे, हिला कोणी विचारलं? मी एक म्हातारी झालेली घरी आणली होती पोरीसाठी. चार दिवस ठेवली, मग बायकोने पिंजरा उघडून दिला. मी ओरडलो तर म्हणे, हिची ड्युटी झाली.